माळावरची शिराझ

वर्तक सरांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. खोलीत आम्ही तिघंच होतो. सर, वायनरीचे मालक सोनजे साहेब आणि मी. सप्टेंबरातला सोमवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. वाईन चाखायची ती याच वेळेला, जेवणाआधी, तोंड कोरं असताना.

टेबलावर दोन वाईन होत्या. दोन्ही लाल, दोन्ही शिराझ जातीच्या द्राक्षांच्या, दोन्हींची तोडणी त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेली. एक सोनजे साहेबांच्या धरणाकाठच्या बागेतली. दुसरी पंढरीनाथ शिरसाठांच्या माळावरची. त्यांना पंचक्रोशीत सगळे नाना म्हणत. फ्रान्सहून ओकच्या लाकडाची चाळीस नवी पिंपं आली होती आणि त्यांत या दोहोंपैकी एकच भरायची होती. जी भरली जाईल ती आमची पहिली राखीव वाईन ठरणार होती, दहा-पंधरा वर्षं टिकणारी. उरलेली स्वस्तातल्या गोड वाईनमध्ये मिसळून संपवायची. कुठली टिकेल हे सांगायला सरांना पुण्याहून बोलावलं होतं.

सरांनी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि शेजारच्या स्टीलच्या डब्यात थुंकला. त्यांच्या थुंकण्यालाही ऐट होती. एक बारीक सरळ धार, मिशीला थेंब नाही. मला ते शिकायला वर्ष लागलं होतं. त्यांनीच शिकवलं होतं. निफाडच्या शाळामास्तरांची मुलगी मी, सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलेली. माझी आई नातेवाइकांना अजूनही सांगते की शैलजा फळप्रक्रिया उद्योगात आहे. त्या मुलीला ग्लास कसा धरायचा इथपासून सगळं या माणसाने दिलं होतं.

"जांभूळ," सर म्हणाले. "पिकलेलं. मागे लवंग आहे. ओल्या मातीचा किंचित वास." मग त्यांनी डोळे उघडून सोनजे साहेबांकडे पाहिलं. साहेब हसत होते. "ही टिकेल, सोनजे. बारा वर्षं मी लिहून देतो."

ती साहेबांच्या बागेतली होती.

नानांच्या वाईनवर त्यांनी फार वेळ घालवला नाही. एक घोट घेतला, थुंकला आणि ग्लास बाजूला सारला. म्हणाले, नुसता आकस आहे हिच्यात, दम नाही. दोन वर्षांत चिपाड होईल.

मी दोन्ही चाखल्या होत्या. एकदा नव्हे, मार्चपासून दर आठवड्याला. साहेबांची वाईन कुणालाही आवडावी अशी होती. गुलकंदासारखी गोड वासाची, मऊ, घशातून अलगद उतरणारी. त्यांच्या बागेला पाणी भरपूर होतं आणि घड वेलीवर सुरकुतेपर्यंत ठेवले होते, त्यामुळे तिच्यात आंबटपणा उरलाच नव्हता. शिवाय गेल्या दोन महिन्यांत गुलकंदाच्या मागून दुसरंच काहीतरी डोकावू लागलं होतं, भिजून वाळलेल्या गोणपाटासारखं. नानांची वाईन पहिल्या घोटाला तोंड आवळून टाकायची. हिरडा चघळल्यासारखी तुरट, वर आमसुलाचा आंबटपणा. पण घोट थुंकल्यावर मिनिटभराने जिभेच्या मुळाशी एक गडद, थंड, फळाची चव उगवायची आणि बराच वेळ जायची नाही.

टिकणाऱ्या वाईनची परीक्षा ती आज किती छान लागते यावर नसते. आंबटपणा तिला सडू देत नाही, तुरटपणा तिला वर्षानुवर्षं काम पुरवतो, आणि त्या दोघांखाली तग धरून राहील इतकं फळ असावं लागतं. हेसुद्धा मला सरांनीच शिकवलं होतं. तरुण वाईन लगेच आवडली तर शंका घ्यायची, असं ते म्हणायचे.

म्हणून त्या सोमवारी मी गप्प बसले. वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल.

नानांबद्दल सांगायला हवं. त्यांचा तो माळ गावापासून दोन किलोमीटरवर, वर चढून गेल्यावर लागणारा. नुसता मुरूम आणि दगड. तिथं कुणी बाजरीसुद्धा पेरत नसे. नानांची खालची वीस एकर खायच्या द्राक्षांची बाग उत्तम चालली होती, माल परदेशी जात होता, त्यांना कशाची ददात नव्हती. तरी त्यांनी माळावर दोन एकर शिराझ लावली, ती माझ्या सांगण्यावरून. कंपनीतर्फे गावात माहिती द्यायला गेले होते तेव्हा सगळे उठून गेल्यावर ते एकटे मागे थांबले. त्यांनी विचारलं की ही दारू किती दिवस राहते. मी म्हटलं, चांगली झाली तर वीस वर्षंसुद्धा.

 नाना म्हणाले, "खायचं द्राक्ष आठ दिसांत सडतं, ताई. चाळीस वर्सं पिकवतोय, पन एक घड मागं ऱ्हायला नाही. हे ऱ्हातं म्हणतीस?"

गंमत अशी की नाना माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ. दारूचा थेंब त्यांनी जन्मात तोंडाला लावलेला नव्हता आणि लावणारही नव्हते. स्वतःच्या द्राक्षांची वाईन कशी झाली हे त्यांना कळायला एकच मार्ग होता, मी सांगेन तो. दर वर्षी ते वायनरीत यायचे, माझ्या प्रयोगशाळेच्या दारात चपला काढायचे, मी ग्लासातून घोट घेतला की माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे आणि विचारायचे, "टिकंल?"

पहिली तीन वर्षं मी नाही म्हटलं. खरंच नव्हती टिकण्यासारखी. मग मी सांगितलं, घड विरळ करा. मणी मोत्याएवढे असतानाच अर्धे घड तोडून खाली टाकायचे, म्हणजे उरलेल्यांत सत्त्व उतरतं. हयातभर घड वाढवलेल्या माणसाला हे सांगणं सोपं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने तोडले. दोन वर्षं माळावर हिरव्या घडांचा सडा पडला. गाव हसलं. थोरल्या मुलाने बापाशी बोलणं टाकलं. नाना माझ्या शब्दावर राहिले, आणि पाचव्या वर्षी ती वाईन झाली.

सोमवारी संध्याकाळी सर पाहुण्यांच्या खोलीत गेल्यावर मी एक जुनी, साधी परीक्षा लावली. दोन्ही वाईनच्या बाटल्या अर्ध्या भरल्या आणि बूच न लावता प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवून दिल्या. हवा हा वाईनचा काळ असतो. पिंपात आणि बाटलीत जी हवा तिला वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने मिळते, ती तिला एकदम पाजायची आणि बघायचं. चार दिवस उघड्यावर उभी राहिली, तर बंद बाटलीत दहा वर्षं टिकेल. हिशेब अगदी पक्का नाही, पण लबाडी करत नाही.

मंगळवारी नानांची वाईन तशीच होती, रागीट. साहेबांची थोडी उतरली होती. बुधवारी सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडताच मला वास आला. गुलकंद पार गेला होता. बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं आणि मागे घेतलं. घोड्याच्या पागेतला वास, त्यात दवाखान्यातल्या जुन्या पट्टीचा, आणि या दोहोंवर शिरक्याची तिखट झाक. साहेबांच्या टाकीत कुठलं तरी चुकार किण्व, म्हणजे जंगली यीस्ट, घर करून बसलं होतं, आणि त्याला अडवायला वाईनमध्ये आंबटपणाच नव्हता. मी एक घोट घेतला. माझं कामच ते आहे. थुंकल्यावरही ती चव टाळ्याला चिकटून राहिली, जेवताना भातात उतरली.

आणि गुरुवारी, चौथ्या दिवशी, नानांची वाईन उघडली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तुरटपणा होता, पण तो आता फळाला धरून होता. जांभूळ होतं, काळी मिरी होती, उन्हात तापलेल्या दगडावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा वास होता. मी खुर्चीत बसले. आठ वर्षं या कामात काढली होती आणि असं काही आमच्या तालुक्यातून निघेल यावर माझाच विश्वास नव्हता.

मी सरांना बोलावून आणलं. मला वाटत होतं, ते एकदा नाक लावतील आणि स्वतःच म्हणतील की सोमवारी चूक झाली. मोठ्या माणसांच्याही चुका होतात. मी दोन ग्लास भरून त्यांच्यासमोर ठेवले, कुठला कोणता ते सांगितलं नाही.

सरांनी पहिला उचलला. त्यात साहेबांची वाईन होती. टेबलाच्या या बाजूला बसूनसुद्धा मला तो पागेचा वास येत होता. सरांनी ग्लास फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले.

"जांभूळ," ते म्हणाले. "मागे लवंग."

मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. ग्लासकडे नाही, माझ्याकडे. तेव्हा मला सोमवारचं आठवलं. त्या दिवशी ते असेच सोनजे साहेबांकडे पाहत होते.

मी उठले. म्हटलं, सर, आणखी एक नमुना आहे, आणते. कॅन्टीनमध्ये गेले. तिथं आमच्या मंदाताई वरणाला फोडणी देत होत्या. त्यांच्या डब्यातून मी चिमूटभर खडा हिंग घेतला, पाण्यात कालवला आणि कोऱ्या ग्लासच्या आतल्या कडेला बोटाने फिरवला. वर नानांची वाईन ओतली. ग्लास हातात घेऊन व्हरांड्यातून येताना माझ्या स्वतःच्या बोटांचा वास मला सहन होत नव्हता.

सरांनी तो ग्लास नाकाशी धरला. पुष्कळ वेळ धरला. मग एक घोट घेतला, नीट फिरवला, ऐटीत थुंकला.

"ही पिंपातली दिसते. ओकच्या लाकडाचा व्हॅनिला छान उतरलाय," ते म्हणाले. "शेवटी जरा कडवट आहे, पण ते वयाने जाईल."

खोलीभर हिंगाचा दर्प पसरला होता.

"कधीपासून, सर?" मी विचारलं.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी नाकारलं नाही. सांगितलं की गेल्या वर्षी चैत्रात ताप आला होता, मोठा, पंधरा दिवसांचा. तो उतरला तेव्हा वास गेला होता. पूर्ण. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आला नाही. घरी गॅस गळत होता तोही त्यांना कळला नाही, शेजारणीने येऊन बंद केला. मला त्या क्षणी त्यांची खरोखर दया आली. ज्याचं सगळं आयुष्य नाकावर उभं आहे अशा माणसाचं नाक जाणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. मी उठून त्यांना पाणी दिलं.

पण पाणी पिऊन झाल्यावर ते स्वतःची बाजू मांडायला लागले. म्हणाले, वास गेला म्हणून सगळं गेलं असं नाही. जीभ शाबूत आहे. आंबट, तुरट, कडू मला पहिल्याइतकंच कळतं, किंबहुना जास्तच. "आणि वाईन टिकणार की नाही हे तर तोंडच सांगतं, शैलजा. नाकाचं काय काम त्यात? मीच शिकवलंय तुला."

ते खरं होतं. आणि म्हणूनच मी पुढचं विचारलं.

"मग सोमवारी नानांच्या वाईनमधलं आंबट-तुरट तुमच्या जिभेला कळलं नाही?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर धरणाचं पाणी होतं, पलीकडे साहेबांची हिरवीगार बाग.

"कळलं," ते म्हणाले.

बास, एवढंच. त्यापुढे ते जे बोलले ते मी ऐकलं, पण ऐकलं न ऐकलं सारखंच. सोनजेंना स्वतःच्या बागेची वाईन राखीव म्हणून हवी आहे, लेबलवर आपलं नाव येणार आहे, या वयात नव्याने कोण बोलावणार, असं काहीबाही. मी त्यांच्या मिशीकडे बघत होते. तिच्यावर या वेळी एक थेंब राहिला होता आणि त्यांना तो कळत नव्हता. मला किळस आली. त्यांच्या नसलेल्या नाकाची नव्हे. ज्या जिभेने मला खरं-खोटं ओळखायला शिकवलं, ती जीभ शाबूत होती, याची.

शुक्रवारी सकाळी सर पुण्याला गेले आणि मी सोनजे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दोन्ही उघड्या बाटल्या सोबत नेल्या. मनाशी ठरवलं होतं की सरांचं गुपित काढायचं नाही, फक्त वाईनबद्दल बोलायचं. साहेबांची वाईन मी त्यांच्यासमोर ओतली. त्यांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. त्यांचं नाक व्यवस्थित होतं.

मी सगळं समजावून सांगितलं. टाकीत किण्व शिरलं आहे, ही वाईन आत्ता गाळून लगेच विकली तर खपून जाईल, पण पिंपात गेली तर तीन वर्षांत नासेल, आणि नवी पिंपंही नासतील. नानांची भरा. ती टिकेल, मी लिहून देते.

साहेब शांतपणे ऐकत होते. ते कधी आवाज चढवत नसत. शेवटी म्हणाले, "मॅडम, सरांना वास येत नाही हे मला एप्रिलमध्येच माहीत होतं. त्यांनी स्वतः सांगितलं. त्यांना वाटलं मी काम काढून घेईन." ते किंचित हसले. "मला त्यांचं नाक नको होतं. नाव हवं होतं."

मी विचारलं, आणि बाटली उघडल्यावर?

"कोण उघडणार आहे? राखीव वाईन लोक पिण्यासाठी घेत नाहीत. दिवाळीला साहेबलोकांना देतात. ते शोकेसमध्ये ठेवतात. दहा वर्षांनी एखाद्याने उघडलीच, तर त्याला वाटेल आपल्याला कळत नाही. तोंडाने कबूल कोण करेल?"

मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले की माझ्याबद्दल ते बरेच दिवस विचार करत होते. मी इतकी वर्षं केमिस्ट म्हणून राबले, ते बरोबर नाही. राखीव वाईनच्या लेबलवर सरांच्या नावाखाली दुसरं नाव लागेल, वाईनमेकर म्हणून. तालुक्यात बाई वाईनमेकर नाही एकही. चवीचा मजकूर मात्र मी लिहायचा, सरांच्या बोलण्यावरून. आणि शिरसाठांना तेवढं समजावून सांगायचं. "ते तुमचं ऐकतात," साहेब म्हणाले.

मी बाटल्या उचलल्या आणि बाहेर आले. नाही म्हटलं नाही. खूप दिवस मी स्वतःला सांगत राहिले की हो तरी कुठे म्हटलं होतं. पण त्या दुपारी मी प्रयोगशाळेत बसून मजकूर लिहिला. जांभूळ, लवंग, ओल्या मातीचा किंचित वास. लिहिताना सुचत नव्हतं असंही नाही. छान सुचत होतं. साहेबांच्या घाण वाईनची बाटली समोरच होती आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की मला तिचा वास यायचा थांबला आहे. माणसाचं नाक कुठल्याही वासाला अर्ध्या तासात सरावतं, हे शास्त्र मला माहीत होतं.

नाना पुढच्या मंगळवारी आले. नेहमीसारख्या दारात चपला काढल्या. त्या दिवशी धोतर परीटघडीचं होतं आणि डोक्याला नवी टोपी होती. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पुण्याचे मोठे तज्ज्ञ येऊन गेले.

मी ग्लासात त्यांची वाईन ओतली. ओतायची गरज नव्हती, पण ओतली. घोट घेतला. ती त्या दिवशी आणखी खुलली होती. मी ती तोंडात धरून ठेवली आणि नाना माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

मी थुंकले.

"नाही, नाना," मी म्हटलं. "दम नाही हिच्यात. दोन वर्षांत चिपाड होईल."

शब्दसुद्धा माझे नव्हते.

त्यांनी ग्लासकडे पाहिलं. मग विचारलं की अजून विरळ करायला हवे होते का घड. मी म्हटलं नाही, तुमच्याकडून काही कमी पडलं नाही, जमीनच तशी आहे. त्यांनी मान हलवली. म्हणाले, जमिनीपुढं कुनाचं चालतंय. चपला घातल्या आणि गेले.

ती राखीव वाईन पुढे निघाली. काळं लेबल, सोनेरी अक्षरं, खाली माझं नाव. आईने पेपरातल्या बातमीचं कात्रण देवघराच्या भिंतीला लावलं, वाईन हा शब्द झाकला जाईल अशा बेताने घडी घालून. कंपनीच्या पंधराव्या वर्धापनाला नाशिकच्या मोठ्या हॉटेलात पहिल्या वर्षाच्या सहा बाटल्या समारंभाने उघडल्या गेल्या. वर्तक सर तोवर वारले होते. बूच निघताच पहिल्या दोन रांगांपर्यंत पागेचा वास आला असेल. लोकांनी घोट घेतले, एकमेकांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. एका बाईंनी मला विचारलं की हा जो वेगळाच वास आहे तो जुनेपणाचा का. मी म्हटलं, हो. आजही मी तिथंच आहे, त्याच कंपनीत, मोठ्या केबिनमध्ये. राखीव वाईन दर वर्षी निघते. आता ती बरी असते.

पण आठवतं ते हे नाही. आठवतो तो त्याच वर्षीचा, दसऱ्यानंतरचा रविवार.

नाना येऊन गेल्यानंतरच्या तीन आठवड्यांत मला नीट जेवण गेलं नव्हतं. तोंडात सारखी ती चव. शेवटी ठरवलं की नानांना जाऊन खरं सांगायचं. नोकरी गेली तर गेली. नाशिकमधल्या दुसऱ्या कुणा वायनरीला त्यांची द्राक्षं घ्यायला सांगायचं, मी स्वतः जाऊन बोलायचं. स्कूटर काढली आणि निघाले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. नाना, मी तुमच्याशी खोटं बोलले. इथून सुरुवात करायची. त्यानंतरचं आपोआप येईल.

माळाच्या चढाला लागले आणि वर पाहिलं तर आभाळ जास्त दिसत होतं. वेली चढवलेल्या तारा नव्हत्या, खांब नव्हते. वर पोचले. दोन्ही एकरांतल्या वेली मुळासकट उपटून एका कडेला ढीग घातला होता. मुळं वर, पानं अजून हिरवी. जेसीबीच्या चाकांचे खड्डे ताजे होते. नाना आणि त्यांचा थोरला मुलगा बांधावर बसले होते, एकाच डब्यातून भाकरी खात.

मला पाहून नाना उठले. हात धुतले. मुलाला म्हणाले, ताईंना पानी दे. मुलगा माझ्याशी प्रथमच नीट बोलला, बसा म्हणाला. नानांनी सांगितलं की परवा काढून टाकली. पोरगं पयल्यापासनं सांगत होतं, पन आपला हट्ट. आता तो खालून पाइप आणतोय, शेततळं करायचं म्हनतो इथं. बरं झालं. बापलेक एका ताटात आलो.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"न्हाई ताई, ऐक," नाना म्हणाले. "मला ठावं हाय तू का आलीस. तुला वाईट वाटत आसंल. पन मी ह्याला काल सुदिक सांगितलं. दुसरं कुनी आसतं तर गोड बोलून अजून पाच वर्सं मला नादी लावलं आसतं. त्यांचं काय जात होतं? ह्या बाईनं तोंडावर खरं सांगितलं. मी तर थेंब चाखीत नाही. तुझ्याच जिभंवर माझी सगळी भिस्त, आन् तू ती राखलीस."

त्यांनी हात जोडले. साठी उलटलेल्या माणसाने, माळाची माती अजून नखांत असलेल्या हातांनी, मला.

मी पाणी प्यायले. मुलाने अर्धी भाकरी पुढे केली, वर ठेचा. मी ती खाल्ली, सगळी. काही चव लागली नाही. ढिगाकडून उपटलेल्या वेलींचा ओला, हिरवा वास येत होता, आणि मी नाना काय सांगत होते त्यावर हो हो म्हणत होते. शेततळं कुठे, मासे सोडता येतील का, असलं काहीतरी.

निघताना स्कूटर मुरमात रुतली. चाक नुसतं फिरायला लागलं. नाना मागे आले आणि मी नको नको म्हणत असताना दोन्ही हात लावून त्यांनी ती ढकलली. मी हँडल धरून बसलेली आणि ते मागून धापा टाकत, पार कच्च्या रस्त्याला लागेपर्यंत. तिथं पोचल्यावर ते पुढे आले, धोतराला हात पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"येवढ्या लांब आलीस, ताई. काही सांगायचं होतं का?"

इंजिन चालू होतं. रस्ता मोकळा होता. मुलगा मागे वर उभा होता, बापाची वाट बघत.

"नाही, नाना," मी म्हटलं. "सहजच आले होते."